पाचव्या मजल्यावरचं दार

आमच्या घरात दाण्याचं कूट नव्हतं. मराठी स्वयंपाकघरात दाण्याचं कूट नसणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला आईची त्या वर्षांतली कसरत वेगळी सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी ती ओल्या खोबऱ्यावर करायची, काकडीच्या कोशिंबिरीत तीळ भाजून कुटून घालायची, आणि भरली वांगी करताना मसाला कालवता कालवता मध्येच थांबून खिडकीबाहेर बघत राहायची. माझा धाकटा भाऊ नील रांगत होता तेव्हा कुणीतरी कौतुकाने त्याच्या हातात चिक्कीचा तुकडा दिला होता. थोड्याच वेळात त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्या दिवशी आईने घरातली दाण्याची बरणी कचऱ्याच्या पिशवीत टाकली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि स्वतः खाली जाऊन टाकून आली. बाबांना शेंगदाण्याची चटणी जिवाहून प्यारी. ते सुट्टीच्या दिवशी गाडी काढून करामा भागातल्या एका खानावळीत जायचे, मनसोक्त चटणी-भाकरी खायचे, तिथेच चूळ भरायचे, हात साबणाने दोनदा धुवायचे आणि घरी आल्यावर नीलला जवळ घेण्याआधी शर्ट बदलायचे. एखादा माणूस दारूचं व्यसन लपवतो तसं ते चटणीचं लपवायचे. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

आम्ही आखातात, अल बर्शा नावाच्या वस्तीत राहायचो. सात मजल्यांची इमारत, तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट. वर्षाचे आठ-नऊ महिने खिडक्या बंदच, त्यामुळे माझ्या लहानपणाचा आवाज म्हणजे एसीची घरघर. मशिदीतली अजान तेवढी काचेतूनही ऐकू यायची, आणि संध्याकाळी लिफ्टचा 'टिंग' झाला की बाबा आले असं आम्ही ओळखायचो. पाचव्या मजल्यावर पाटणकर राहायचे. पाटणकर हे बाबांच्या कंपनीतले बाबांचे साहेब. आम्ही या घरात आलो तेही त्यांनीच सांगितलं म्हणून. बाबा त्यांना घरात, लिफ्टमध्ये, अगदी ते हाफ पँटवर दूध आणायला चाललेले असले तरीही 'सर'च म्हणायचे. बाबांची नोकरी त्यांच्या हातात होती, आणि नोकरीवर आमचा सगळ्यांचा व्हिसा. हे मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं, तिथल्या मुलांना ते आपोआपच कळतं.

पाटणकरसरांची बायको म्हणजे शुभदाकाकू. मी त्यांना अजून 'काकू' लिहिते आणि अहो-जाहो करते, ते केवळ हाताला पडलेल्या वळणामुळे. त्यात आदर शोधू नये. त्यांचा मुलगा शिकायला कॅनडात गेला होता, घर मोठं होतं आणि हाताला चव होती. गणपतीत साऱ्या मराठी मंडळींचे मोदक त्यांच्या देखरेखीखाली व्हायचे. नीलच्या जन्माच्या वेळी आईचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं, डिंकाचे लाडू, अळीव, सगळं. आई त्यांना फार मानायची. पण नीलच्या अ‍ॅलर्जीवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता. "आमच्याकडे पोरं शेंगांच्या ढिगात लोळून मोठी झाली," त्या म्हणायच्या. "इथल्या डॉक्टरांना इन्शुरन्सचे पैसे काढायचे असतात गं. थोडं थोडं पोटात गेलं की अंगाला सवय होते. तू त्याला काचेच्या बरणीत घालून ठेवलंयस." आई हसून विषय बदलायची. मला त्या हसण्याचा तेव्हाही राग यायचा.

आमच्या इमारतीत हॅलोविनची टूम कुणी आणली देव जाणे. ऑक्टोबर संपत आला की सुपरमार्केटमध्ये एकाच फळीवर दिवाळीच्या पणत्या आणि प्लास्टिकचे सांगाडे शेजारी शेजारी मांडलेले असायचे, आणि आम्हाला दोन्ही हवं असायचं. ज्या घरांना मुलं आलेली चालणार असतील त्यांनी दारावर नारिंगी कागदाचा भोपळा चिकटवायचा, बाकीच्यांना त्रास द्यायचा नाही, असा आमचा नियम. सूर्यास्ताची, मग्रिबची अजान झाली की मुलं निघायची. चौथ्या मजल्यावरच्या इजिप्शियन हाला आंटी भोपळा लावायच्या नाहीत, पण दार उघडं ठेवून "यल्ला, यल्ला, कम!" म्हणत आम्हाला चॉकलेटं वाटायच्या.

त्या वर्षी मी तेरा वर्षांची होते आणि नील सहाचा. आईने त्याच्या काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या चिकटपट्टीची हाडं चिकटवून दिली होती. तिच्या सूचना मला पाठ होत्या. नीलचा हात सोडायचा नाही. कुणाच्या घरात आत जायचं नाही. घरी येऊन मी पाहिल्याशिवाय त्याने काहीही तोंडात घालायचं नाही. आणि माझ्या गळ्यात लाल पाऊच, त्यात इंजेक्शनचं पेन. मुदत संपलेल्या जुन्या पेनांनी आई माझ्याकडून संत्र्यावर सराव करून घ्यायची: निळं झाकण काढ, नारिंगी टोक मांडीला लाव, कपड्यावरूनच, घट्ट दाब. मैत्रिणी पियानोच्या क्लासला जायच्या तेव्हा मी संत्र्यांना टोचत असायचे.

शुभदाकाकूंच्या दारावर सर्वांत मोठा भोपळा होता. त्यांनी डोक्याला टोकदार काळी टोपी घातली होती आणि हातात ताट होतं. त्यात चॉकलेटमध्ये बुडवलेले छोटे लाडू होते, वर साखरेचे डोळे. बाकीच्या मुलांनी घेतले आणि ती पुढच्या दाराकडे पळाली. मी विचारलं, "काकू, यात शेंगदाणे नाहीत ना?"

"नाही गं सई. खजूर आणि बदाम."

"तरी मी आईला दाखवते आधी. पाकिटात द्या."

"आई, आई! एवढी मोठी झालीस आणि प्रत्येक गोष्ट आईला?" त्या नीलसमोर वाकल्या. "नील, आ कर बघू." मोठ्या माणसाने आ कर म्हटलं की सहा वर्षांचं मूल आ करतं. मी त्याला मागे ओढेपर्यंत अर्धा लाडू त्याच्या तोंडात गेला होता. उरलेला अर्धा मी काकूंच्या हातातून हिसकून घेतला. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या नीलकडे पाहत होत्या, टक लावून, कुतूहलाने. ती नजर मी विसरलेले नाही.

लिफ्टपाशी पोचेपर्यंत तो घसा खाजवायला लागला. "ताई, माय टंग इज फनी," म्हणाला. मग तिथेच ओकला. त्याचा आवाज घोगरा झाला, डोळ्यांभोवती सूज चढली आणि ती ओळखीची शिट्टी सुरू झाली. मी त्याला लॉबीच्या फरशीवर आडवा केला आणि निळं झाकण काढलं. माझे हात थरथरले नाहीत. ही बढाई नव्हे, संत्र्यांची कृपा. पेन दाबल्यावर त्याने फोडलेली किंकाळी मला इतकी गोड वाटली, कारण किंचाळायला श्वास लागतो. कुणीतरी खालच्या वॉचमनला सांगितलं, त्याने अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, आई अनवाणी जिना चढून आली.

हॉस्पिटलात बाबा ऑफिसमधून परस्पर पोचले. पाटणकरसर आणि काकूही आले. काकू रडत होत्या. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, मुलाने काय खाल्लं? मी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "डेट्स अँड आमंड्स, डॉक्टर. ओन्ली डेट्स अँड आमंड्स." तिथे, नीलच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असताना. मी मुठीतला चुरगळलेला अर्धा लाडू आईपुढे धरला. आईने त्याचा कण जिभेवर ठेवला. तिने कित्येक वर्षांत ती चव घेतली नव्हती. "दाण्याचं कूट आहे," ती म्हणाली, अगदी हळू. काकूंनी क्षणभरही वेळ घेतला नाही. "मग त्या मीना बाजारातल्या दुकानदाराने खजुरात मिसळलं असणार! आणि सईने मला विचारलंच नाही हो. विचारलं असतं तर मी दिला असता का?"

मी ओरडले. "खोटारडी!" त्या कॉरिडॉरमध्ये बसलेल्या प्रत्येकाने मान वळवली.

नील दोन दिवसांत घरी आला आणि सोफ्यावर उड्या मारायला लागला. मुलांचं तसंच असतं. मोठ्यांनीही तसंच करावं अशी बाबांची इच्छा होती. "मुद्दाम कोण करेल असं? चूक झाली असेल त्यांची. आणि तू भर हॉस्पिटलात त्यांना काय बोललीस?" ते माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. दिवाळीच्या आदल्या दिवशी फराळाचा डबा माझ्या हातात देऊन त्यांनी मला वर पाठवलं, काकूंना सॉरी म्हणून यायला. आई ओट्यापाशी पाठ करून उभी होती. मी गेले. सॉरी म्हटलं. काकूंनी माझा गाल थोपटला आणि म्हणाल्या, "जाऊ दे. लहान आहेस तू अजून." त्यांच्या हाताला वेलदोड्याचा वास होता. खाली येऊन मी गाल साबणाने धुतला, बाबा करामाहून आल्यावर हात धुवायचे तसा, दोनदा.

त्यानंतरचं वर्ष मी सूड या एकाच गोष्टीवर काढलं. आज माझी मुलगी अजून लहान आहे, पण त्या वयात ती माझ्याइतकी गोड बोलायला लागली तर मी सावध होईन. कारण मी गोडच बोलायचे. काकू दिसल्या की हसायचे. हळदीकुंकवाला, कुणाच्या वाढदिवसाला, गणपतीच्या आरतीनंतर, जिथे जिथे त्या ताट घेऊन उभ्या असतील तिथे जाऊन मी मोठ्याने, अत्यंत नम्रपणे विचारायचे, "काकू, यात शेंगदाणे आहेत का?" सुरुवातीला लोक हसले. मग त्यांना माझी कीव आली, पोरीने भीती घेतलीय म्हणून. मग हळूहळू असं झालं की मी विचारलं की बाकीच्या बायका काकूंच्या उत्तराची वाट पाहायला लागल्या, तेवढ्यापुरते हात थांबायला लागले. प्रसादाच्या मोदकालासुद्धा. काकूंचा चेहरा त्या क्षणी कसनुसा व्हायचा. तो चेहरा मी घरी घेऊन यायचे आणि झोपण्यापूर्वी पुन्हा पुन्हा आठवायचे. मला बरं वाटायचं. क्षमा केल्याने माणूस मोकळा होतो असं मला पुढे बऱ्याच जणांनी सांगितलं. त्यांच्यापैकी कुणाचा भाऊ लिफ्टपाशी निळा पडला नव्हता.

पुन्हा ऑक्टोबर आला. इमारतीतल्या आया धास्तावलेल्या होत्या. मुलांना पाठवावं की नाही यावर ग्रुपवर चर्चा चालली. मीच आईच्या फोनवरून लिहिलं, की मी नेते सगळ्यांना. सगळी मुलं एकत्र, सोबत दोन आया, कुणाच्या घरात शिरायचं नाही, फक्त बंद पाकिटातला खाऊ, आणि घरी जाऊन आईने पाहिल्याशिवाय एकही पाकीट फोडायचं नाही. सगळ्यांना ते पसंत पडलं. मी दारोदार जाऊन हे नियम समजावले आणि ज्यांनी कबूल केलं त्यांना माझ्या हाताने कापलेला भोपळा दिला. हाला आंटींनीही या वेळी भोपळा घेतला आणि दारावर कुराणातल्या आयतीपासून बेताच्या अंतरावर लावला. पाचव्या मजल्यावर मी एकच दार वगळलं.

काकूंनी आपला भोपळा स्वतःच आणून लावला. ग्रुपवर लिहिलं, मुलांसाठी नाचणीच्या कुकीज केल्या आहेत, घरच्या, निर्धोक. शेवटी हसरा चेहरा.

त्या संध्याकाळी नील अंतराळवीर झाला होता. आई आणि हाला आंटी आमच्या मागून चालत होत्या. तळमजल्यापासून एकेक दार करत आम्ही पाचव्यावर आलो. काकू टोपी घालून, ताट धरून उभ्याच होत्या, मागे हॉलमध्ये सर टीव्ही बघत होते. मी मुलांना घेऊन त्यांच्या समोरून पुढे गेले. शेजारची बेल वाजवली. मुलांनी गलका केला, खाऊ घेतला. मग त्याच्या पुढची बेल.

"सई, अगं, इकडे या ना!" काकूंनी हाक मारली. एक छोटी परी, नुकतीच राहायला आलेल्या घरातली, ताटाकडे वळली. तिचा पंख नीलने धरला.

"नॉट दॅट डोअर," तो म्हणाला. "शी डझन्ट टेल द ट्रूथ."

हे मी त्याला शिकवलं नव्हतं. कुणाला खरं वाटो न वाटो.

काकूंचा चेहरा लाल झाला. "बघितलंत? लहान पोराच्या डोक्यात काय भरवलंय हिने! वर्षभर माझ्या मागे लागलीय ही. जाईन तिथे मला चोर ठरवते!"

मी माझ्या सर्वांत गोड आवाजात विचारलं, "काकू, मागच्या वर्षी मी तुम्हाला विचारलं होतं की नव्हतं?"

"विचारलं होतंस! मग? चिमूटभर कूट होतं, चिमूटभर! मला वाटलं एकदा पोराला पचलं की तुझ्या आईच्या डोक्यातलं भूत तरी उतरेल. त्याच्या भल्यासाठीच केलं मी! इतकं होईल असं मला काय स्वप्न पडलं होतं?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं. हात तसाच ताटाखाली, तोंड किंचित उघडं. आत टीव्हीचा आवाज बंद झाला. मुलं काकूंकडे बघायला लागली, त्यातल्या निम्म्यांना मराठी समजत नसूनही.

हाला आंटींनी माझ्या खांद्याला स्पर्श केला. "हबीबती, व्हॉट डिड शी से?"

आणि मी भाषांतर केलं. सावकाश, एकही शब्द न गाळता, त्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ शाळेच्या इंग्रजीत. होय, मुलीने विचारलं होतं. होय, मी खोटं बोलले. मला बघायचं होतं, एकदा त्याला पचतं का ते. आयुष्यात मी पुष्कळ भाषणं केली, बक्षिसं घेतली, लग्न केलं. पण त्या अर्ध्या मिनिटाइतकं सुख क्वचितच मिळालं. हाला आंटी ऐकत होत्या. मग त्या काकूंकडे वळून एकच शब्द म्हणाल्या, "हराम." पाटणकरसर दारात आले होते. त्यांनी काकूंच्या हातातलं ताट काढून घेतलं, दारावरचा भोपळा स्वतःच्या नखांनी खरवडून काढला आणि दार लावलं. आम्ही राहिलेले दोन मजले पूर्ण केले. एकाही मुलाने घरी पोचेपर्यंत एक पाकीट फोडलं नाही.

बाबांनी ऐकलं तेव्हा ते खुर्चीत बसले. "सई, तुला कळतंय का तू काय करून बसलीस? ते माझे साहेब आहेत."

उत्तर आईने दिलं. "तिने नाही, मी करायला हवं होतं हे. मागच्याच वर्षी. आणि तुम्ही तिला सॉरी म्हणायला वर पाठवलंत." बाबा खुर्चीतून उठले. मग माझ्या खोलीत आले, माझ्या अभ्यासाच्या टेबलाशी उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं गं." पुढच्या काही महिन्यांत त्यांना फुजैराच्या साइटवर पाठवण्यात आलं. त्यामागे सर होते की नव्हते ते आम्हाला कधीच कळलं नाही. बाबा आठवडाभर तिकडे राहायचे, सुट्टीला दमून यायचे, पण त्याबद्दल त्यांनी मला एका अक्षराने बोल लावला नाही. काकूंच्या देखरेखीखाली पुन्हा कधी मोदक झाले नाहीत. बायका त्यांना टाळत होत्या असं नाही. बोलायच्या, विचारपूस करायच्या, फक्त त्यांच्या हातचं कुणी मुलांना देत नव्हतं. त्यांच्यासारख्या बाईला ते किती लागलं असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. म्हणूनच ते मला पुरेसं वाटायचं.

पण या सगळ्याआधी, त्या दुसऱ्या हॅलोविननंतर काही दिवसांनीच, एका संध्याकाळी आमची बेल वाजली होती. दार आईने उघडलं. काकू होत्या, टोपी नाही, ताट नाही, साध्या कॉटनच्या ड्रेसमध्ये, एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. "मला नीलला सॉरी म्हणायचंय," त्या म्हणाल्या. आईने त्यांना आत या म्हटलं नाही. तिने नीलला हाक मारली.

काकू उंबऱ्याबाहेर गुडघ्यांवर बसल्या. त्यांना ते जड गेलं, दाराची चौकट धरावी लागली. "नील बाळा, मी तुझ्याशी खोटं बोलले. तुला खूप त्रास झाला. सॉरी हं." त्या खरंच रडत होत्या. मी मागे भिंतीला टेकून पाहत होते आणि माझ्या मनात दयेचा लवलेशही नव्हता.

नीलच्या शाळेत शिकवलेलं होतं, कुणी सॉरी म्हटलं की 'इट्स ओके' म्हणायचं. तो ते पाय तुडवणाऱ्या पोरांना म्हणायचा, खेळणं मोडणाऱ्यांना म्हणायचा. त्याने आईकडे पाहिलं, आता म्हणायचं ना, असं विचारल्यासारखं. काकूही आशेने त्याच्या ओठांकडे पाहत होत्या.

आई म्हणाली, "तुला म्हणावंसं वाटत नसेल तर नको म्हणूस."

नीलने थोडा विचार केला. मग तो वळला, सोफ्यावर जाऊन बसला आणि त्याने आपलं कार्टून पुन्हा सुरू केलं. काकू चौकट धरून उठेपर्यंत आई थांबली, आणि मग तिने दार लावून घेतलं.